पाषाणासुराची भिशी

“आज चहा तुमचा तुम्ही टाका. पातेलं ओट्यावरच आहे,” आई म्हणाली. मोबाइलवरची नजर काही तिनं काढली नाही.

अण्णा उंबऱ्यातच थबकले. एक चप्पल काढलेली, एक पायातच. माझे वडील, दत्तात्रय डुबल, म्हणजे कराड डेपोतून जन्मभर एसटी गाड्या वेळेवर सोडलेला माणूस. चारच्या ठोक्याला त्यांना चहा लागायचा, आणि तो आईनं दिला नाही असा दिवस मी तरी पाहिला नव्हता. अंगात ताप असला तरी उठून द्यायची.

“काय म्हणालीस?”

“मी उठणार नाही. पाषाणासुर अर्ध्यावर आलाय.”

“कोण आलाय?”

मला हसू फुटत होतं, पण आईचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. ओठ घट्ट मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगठे पडद्यावर भराभर फिरतायत. अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच तिला काहीतरी खायला घातलंय. मी खांदे उडवले. मलाच धक्का बसला होता, त्यांना काय सांगणार कपाळ! शेवटी गेले बिचारे आत. डबे उघडल्या-आपटल्याचे आवाज आले आणि मग हाक आली, “अगं, साखर कुठं ठेवतेस?”

“हळदीच्या डब्यामागं,” आई म्हणाली, आणि लगेच माइकवर, “बाबर, डावीकडं सरक बाळा, पाय आपटतोय तो.”

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या बाईचा आणि मोबाइलवरच्या लढाईचा काय संबंध? सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी स्कूटीवरून पडले आणि पाय मोडून घरात बसले. करणार काय? ‘दुर्गमंडळ’ नावाचा एक खेळ मोबाइलवर घेतला. देशभरातली पोरं एकाच नकाशावर खेळतात, टोळ्या करतात आणि गडागडावर बसलेल्या राक्षसांना मारतात. या राक्षसाला खेळणारे बॉस म्हणतात. आई शेजारी लसूण सोलत बसायची आणि सतरा प्रश्न विचारायची. हा कोण, तो का पडला, त्याला कुणी औषध का देत नाही? वैतागून एक दिवस मी माझा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “घे, तूच दे औषध.”

बोलाफुलाला गाठ पडली. आई आमची वैद्य झाली. या खेळातला वैद्य कुणाला मारत नाही, फक्त जखमी झालेल्यांना बरं करतो. आणि आईसारखा वैद्य मी पुन्हा पाहिला नाही. पंगतीत वाढताना कुणाच्या पानात काय संपलंय हे तिला न बघता कळायचं, तसंच इथंही. माझा जीव जरा खाली आला की मी ओरडायच्या आत तिचं औषध पोहोचलेलं असायचं.

आमच्या टोळीत चौघं. आई, मी, विट्याचा रणजित बाबर आणि मिरजेचा फैजान मुल्ला. बाबरचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि तोंड फाटकं. तो पुढं उभा राहून मार खायचा, म्हणून त्याला आम्ही ढाल म्हणायचो. फैजान कॉलेजात होता, कमी बोलायचा आणि तलवार अशी चालवायचा की बास, आणि मी लांबून धनुष्य चालवायचे. दोघांपैकी कुणालाच आम्ही प्रत्यक्ष भेटलो नव्हतो. पण दर रविवारी दुपारी कानात त्यांचेच आवाज. आईला ते मावशी म्हणायचे.

बॉस मेला की एक मुद्रा पडायची. ज्याच्या हातात मुद्रा, त्यानं त्या गडाला नाव द्यायचं. ते नाव कायमचं. देशभरातल्या सगळ्यांच्या नकाशावर तेच दिसणार, आणि दिलेल्यालाही परत बदलता येणार नाही. पण यात एक ग्यानबाची मेख होती. ज्यानं राक्षसाला सगळ्यात जास्त घाव घातले, मुद्रा त्याच्याच पुढ्यात पडायची. म्हणजे बघा, वैद्यानं दुपारभर सगळ्यांना जगवायचं आणि नाव लावायचं तलवारवाल्यानं. पहिल्याच गडावर बाबर आणि फैजान मुद्रेवरून असे भांडले की टोळी मोडायची वेळ आली. मार मी खाल्ला, घाव मी घातले, हेच चाललेलं.

तेव्हा आई शांतपणे म्हणाली, “अरे, भिशी लावा की.”

“भिशी?” बाबरनं विचारलं.

“आमच्या कॉलनीत चालते तशी. प्रत्येक गडाला एकाचा नंबर. घाव कुणीही घाला, मुद्रा नंबरवाल्याला द्यायची. ज्याचा नंबर लागला त्यानं फेरी संपेपर्यंत परत मागायचं नाही, आणि मुद्रा मिळाली म्हणून पुढच्या लढाईला दांडी मारायची नाही. दांडी मारणारा माणूस भिशीत परत घेत नाहीत.”

“नाद नाही करायचा मावशीचा!” बाबर ओरडला. “पण मावशे, भिशी चालवणारीचा नंबर पहिला असतोय.”

“मला घाई नाही. तुमचं झालं की मी घेईन.”

तिचं जेवणसुद्धा असंच असायचं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या गडाला बाबरनं ‘बाबर बॅटरी’ असं नाव दिलं. फुकटची जाहिरात, मेल्याला लाज नाही. दुसऱ्याला फैजाननं ‘मिरज जंक्शन’ दिलं. तिसरा माझा. मी क्षणाचाही विचार न करता ‘केतकीगड’ टाकलं आणि मैत्रिणींना फोटो पाठवले. स्वतःचं नाव द्यायला विचार कसला करायचा?

राहिला चौथा, पाषाणासुराचा. तो इतका चिवट होता की मोठमोठ्या टोळ्या त्याच्या नादाला लागून परत गेल्या होत्या. त्याला मारायला अख्खी दुपार लागायची, आणि मध्ये कुणी उठलं की त्याचा जीव परत भरायचा. म्हणून तर तो उरला होता. नकाशावर नाव नसलेला तेवढा एकच गड शिल्लक होता. तो दुसऱ्या कुणी जिंकला असता तर आईचा नंबर कायमचा गेला असता.

“मावशे, नाव ठरलं का?” बाबर आठवडाभर विचारत होता.

“ठरलंय.”

“कुठलं?”

“गड आल्यावर सांगीन.”

आम्हाला कशाला सांगायला पाहिजे होतं! अण्णांचंच नाव देणार, दुसरं कुठलं? मी तर अण्णांजवळ ते फोडूनही टाकलं होतं. ते वरवर ‘कसले पोरखेळ’ म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी दाढी करता करता मला विचारत होते, की नुसतं दत्तगड बरं दिसेल का अण्णासाहेबगड.

तर त्या रविवारी जेवणं उरकून आम्ही बसलो ते बसलोच. आईनं सकाळीच पाणी भरून, भांडी घासून, पिठाचा डबासुद्धा दळून आणून ठेवला होता. कशासाठीही उठावं लागू नये म्हणून. फक्त अण्णांचा चहा तिच्या हिशोबातून राहिला असेल असं मला वाटलं होतं. पण तो राहिला नव्हता. तिनं तोही ठरवूनच ठेवला होता.

चहाचा कप घेऊन अण्णा बाहेर आले तेव्हा पाषाणासुर निम्म्याच्या खाली गेला होता. चहा फिकट, वर साय तरंगतेय. एक कप त्यांनी आईजवळ ठेवला. तिनं बघितलंसुद्धा नाही. मग अण्णाही खुर्ची ओढून तिच्यामागं बसले.

“हा काळा दगड म्हणजे तो?”

“हो.”

“आणि तू कुठली?”

“ती बघा मागं, पांढऱ्या लुगड्यातली.”

“तू काहीच करत नाहीयेस की!”

“अण्णा,” मी फटकारलं, “ती नसती तर आम्ही केव्हाच मेलो असतो. गप बसा जरा.”

पण शेवटी शेवटी पाषाणासुर चवताळला. त्याच्या अंगातून दगड उडायला लागले. बाबर एक शिवी हासडून आडवा झाला. ढाल गेली. मग फैजान गेला.  राक्षसाचा जीव बोटभर उरलेला, आणि उभ्या आम्ही दोघी मायलेकी.

आईकडे एक संजीवनी शिल्लक होती. एका लढाईत एकदाच मिळायची. ती मेलेल्याला उठवायची, पण देणाऱ्याचा स्वतःचा जीव पार तळाला जायचा. आणि खेळाचा नियम असा, की लढाई संपताना जो उभा नसेल त्याला मुद्रा हातात घेता येत नाही. भिशी असो नाहीतर काही असो.

“आई, देऊ नकोस!” मी ओरडले. “मी मारते त्याला!”

“तुझ्यानं नाही व्हायचं एकटीनं.”

“अगं पण तू मेलीस तर नंबर गेला तुझा! शेवटचा गड आहे हा!”

“मावशी, ऐका तिचं,” मेलेला फैजान माइकवरून म्हणाला. “आपण परत येऊ पुढच्या रविवारी.”

“तोवर तिसराच कुणीतरी येईल,” आई म्हणाली आणि तिनं संजीवनी दिली.

फैजान उठला. आईचा जीव केसाएवढा. खडा लागला असता तरी गेली असती. आणि पाषाणासुर वळला तो नेमका तिच्याकडंच. मला दुसरं काही सुचलं नाही. मी धनुष्य सोडून पळत गेले आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. त्याचा पाय माझ्यावर पडला. माझा पडदा काळा झाला. मी झटकन आईच्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. फैजान ओरडत होता, तलवार चालवत होता, आणि आई त्याला औषध देत होती. अण्णा उठून उभे राहिले होते आणि त्यांनी मागून तिच्या खुर्चीची पाठ गच्च पकडली होती.

मग तो डोंगर हलला, वाकला आणि कोसळला.

पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी होती.

मी किंचाळले. बाबर तिकडं विट्यात दुकानात बसून शिट्ट्या मारत होता. मुद्रा अर्थातच फैजानच्या पुढ्यात पडली, कारण घाव त्याचे. ती त्यानं उचलली, आणि स्वतःजवळच ठेवली.

“फैजान?” मी म्हणाले.

मुद्रा अजून त्याच्याच हातात.

“ए मुल्ला! लेका, भिशी आहे ही!” बाबर गुरगुरला. “मुद्रा दे मावशीला!”

“देतोय की,” फैजानचा आवाज आला, जरा ओला. “दोन मिनिटं हातात तरी घेऊ दे. मावशी, तुमच्या जिवावर मिळालेली आहे. घ्या.”

मुद्रा आईच्या हातात आली. तिनं डोळे पुसले, चष्मा पुसला, परत घातला. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली. ‘गडाचे नाव लिहा.’

“मावशे, असं नाही चालायचं,” बाबर चेकाळला. “नाव घेताय तर उखाण्यात घ्या!”

“हो, उखाणा, उखाणा!” मीही सूर धरला.

अण्णा खाकरले. मिशीवरून बोट फिरवलं. “दत्तात्रय लांबलचक होईल,” ते हळूच म्हणाले, “तू आपलं दत्तगडच टाक.”

आई एका बोटानं लिहीत होती. एकेक अक्षर शोधून. मी वाकून बघितलं.

‘मालन.’

खेळानं विचारलं, हे नाव पुन्हा बदलता येणार नाही, नक्की? आईनं ‘होय’वर बोट ठेवलं. क्षणभरही थांबली नाही. नकाशावर, सगळ्यात उंच डोंगरावर, सोनेरी अक्षरांत उमटलं, मालन.

मला वाटलं, चुकून काहीतरी भलतंच दाबलं गेलं. मालन? कुणी देवी? माहेरचं दैवत? मी विचारणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, “ही कोण मालन?”

आईनं मोबाइल मांडीवर ठेवला. वळून त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. उलट जरा कीव केल्यासारखं.

“मसूरला आमच्या घरी पोहे खायला आला होता तुम्ही. तुमचे काका होते बरोबर. समोर पाटावर एक मुलगी बसलेली. काकांनी तिला नाव विचारलं होतं.”

अण्णांचा हात मिशीवरच राहिला.

“ती मालन,” आई म्हणाली.

देवाशपथ सांगते, माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या आईचं नाव सुजाता. सुजाता दत्तात्रय डुबल. शाळेपासून जिथं जिथं आईचं नाव विचारलं तिथं मी तेच सांगत आले. मामा तिला अक्का म्हणायचा, माहेरचं सगळं गाव अक्काच म्हणायचं. आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले. कॉलनीत डुबलवहिनी, बाबर-फैजानची मावशी, माझी आई, आणि अण्णांचं नुसतंच ‘अगं’. सुजाता म्हणूनही तिला कुणी कधी हाक मारली नव्हती, आणि त्याच्याही आधी तिला एक नाव होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, ही रीत मी डझनभर लग्नांत बघितली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. पण ते नवीन नाव जुन्यावर लिहितात, आणि खाली काहीतरी पुसलं जातं, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं.

आणि अण्णा? त्यांनी स्वतः लिहिलं होतं ते. त्यांना तरी आठवायला हवं होतं की नाही?

“मी... मला आत्ता एकदम...” अण्णा म्हणाले. मग खुर्चीत बसले. “सुजाता नाव तेव्हा नवीन होतं. चांगलं वाटलं होतं.”

“चांगलंच आहे,” आई म्हणाली. “मला विचारलं असतंत तर मी हो म्हणालेही असते. विचारलं नाही कुणी.”

 गाड्यांच्या गाड्या पाठ असलेला माणूस, कुठली गाडी किती वाजता कुठल्या फाट्यावर थांबायची हे अजून झोपेत सांगेल. तो नुसता पडद्यावरच्या त्या तीन अक्षरांकडं बघत बसला. मला त्यांचा राग आला आणि लगेच वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं रडूच फुटलं.

माइक चालूच होता, हे आमच्या लक्षातच नव्हतं.

“मावशी,” फैजानचा आवाज आला, “नाव भारी आहे.”

 बाबर म्हणाला, “थांबा जरा. आमच्या आईला विचारून येतो.” आणि तो फटकळ माणूस माइक तसाच टाकून निघून गेला. दुकानाच्या शटरचा आवाज आम्हाला ऐकू आला.

आईनं शेजारचा कप उचलला. पार गार झालेला, वर साय धरलेला अण्णांचा चहा तिनं घोटाघोटानं सगळा संपवला. “साखर जास्त झाली,” म्हणाली. “पण जमलाय.”

अण्णांनी तिला मालन म्हणून हाक मारायला सुरुवात केली का? नाही. एकदा प्रयत्न केला, जीभ अडखळली, आणि आईच हसत सुटली. म्हणाली, “राहू दे, अगंच बरं आहे.” पण पुढं माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट आणि अंगठी पुढं केली, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत मांडवात अण्णांचा डेपोतला आवाज घुमला, “ते ताट उचला. नाव आहे तिला.” माझी सासू दचकली, नवरा दचकला. मी मात्र आईकडं बघत होते, आणि आई बोहल्यावरच्या अक्षता वेचण्यात फार गुंतली होती.

तर त्या गडाचं सांगायचं राहिलं. पाषाणासुर गेला आणि तो गड सगळ्यांना मोकळा झाला. वर पाण्याचं टाकं होतं आणि चारही वाटा तिथंच मिळायच्या, म्हणून देशभरातल्या टोळ्या तिथं जमायला लागल्या. अनोळखी पोरं एकमेकांना बोलवायची, मालनला भेटू, मालनला पाणी आहे, मालन सोडू नका रे. त्यांना काय ठाऊक कोण मालन!

लढाईनंतरच्या पुढच्याच रविवारी आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मोबाइल ओट्यावर, आवाज मोठा करून ठेवलेला. मी पाणी प्यायला आत गेले. तिकडून कुठलातरी नागपूरकडचा पोरगा जीव खाऊन ओरडत होता, “अबे, मालन! मालन!”

आईचे हात कणकेत होते. तिनं मान वळवली नाही, मी आलेली तिला दिसलेही नव्हते.

“ओ,” ती म्हणाली.